घरातलं सगळ्यात गप्प माणूस

सरांनी कधी वेळेवर तास सुरू केला नाही आणि कधी वेळेवर संपवलाही नाही. साडेदहाचा तास पावणेअकराला सुरू व्हायचा, आणि बारा वाजता दुसऱ्या वर्गाची पोरं दारात येऊन मुद्दाम खोकायला लागली तरी हा माणूस फळ्याकडं पाठ करून विचारतच असायचा. शिकवत असायचा असं मी म्हणत नाही, विचारत असायचा. शिकवणं त्यांना फारसं जमायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. चक्रवाढ व्याज, महागाईचा दर, कराचे नियम, विम्याचे प्रकार हे सगळं आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघून एकमेकांना शिकवलं. परीक्षेच्या तोंडावर निम्मा अभ्यासक्रम तसाच पडून राहायचा आणि पोरं डोक्याला हात लावायची. तरीही त्या वर्षात मी जे काही शिकले ते त्यांच्याकडूनच, आणि ते कसं, हे मला अजून धड सांगता येत नाही. सांगून बघते.

दिसायला उंच, काटकुळे. बारा महिने अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर. मे महिन्यात धाराशिवला स्वेटर घालणारा माणूस म्हणजे एक तर आजारी किंवा येडा. आम्ही पहिले दोन महिने दोन्ही समजत होतो. शेवटी एका पोरानं धाडस करून विचारलं तर म्हणाले, "खिसे आहेत याला." खरंच होते. एकात खडू, दुसऱ्यात फुटाणे. बोलण्याच्या भरात कधीकधी हात चुकायचा आणि फळ्यावर फुटाणा घासला जायचा. तेवढ्यानं ते थांबायचे नाहीत. तोच फुटाणा तोंडात टाकून पुढं चालू.

आम्हाला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना "सल्लागार". "या सल्लागार, उशीर झाला." "सल्लागार, खिडकी लावा, ऊन येतंय." पहिल्यांदा आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा होतीच, पण तेवढीच नव्हती. तेवीस-चोवीस वर्षांच्या, घरात भाजी कुठली आणायची हेही ज्यांना कुणी विचारत नाही अशा पोरापोरींना हा माणूस 'अहो सल्लागार' म्हणायचा. हळूहळू आम्ही पाठ ताठ करून बसायला लागलो.

आता माझं सांगते. आमचं घर येडशीचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेळ्या-मेंढ्या राखतात. मी एम.कॉम. झाले तेव्हा सगळ्या नातेवाइकांना वाटलं आता सुटलो. तर मी म्हणाले, अजून एक वर्ष, आर्थिक सल्लागार व्हायचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो केला की पुढची नोंदणीची परीक्षा देता येते, आणि मग लोकांना पैशाचं काय करावं हे रीतसर सांगता येतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "लोकाला पैशाचं सांगायला शिकावं लागतंय व्हय?" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात पाच शेळ्या विकून आले. फी हातात देताना म्हणाले, "एक वरीस. त्याच्याफुडं एक दिस न्हाय." लातूरकडचं एक स्थळ तोवर थांबायला तयार होतं. मुलगा तयार होता म्हणजे. मला कुणी विचारलं नव्हतं. तर हे एक वर्ष माझ्यासाठी असं होतं. पास झाले तर माझं काहीतरी होणार होतं. नाही झाले तर लातूर.

पहिल्याच आठवड्यात मी उभी राहून उदाहरण सोडवत होते. "सर, या माणसानं महिन्याला फक्त पाचशे रुपये बाजूला टाकले तर..."

"थांबा. फक्त कुणाचं?"

"म्हणजे सर?"

"हे 'फक्त' पुस्तकात आहे का?"

"नाही सर. मी असंच म्हणाले."

"तुमच्या घरी पाचशे रुपयांना फक्त म्हणतात?"

आमच्या घरी पाचशेच्या नोटेला अण्णा दोनदा घडी घालतात. सर म्हणाले, "थोडे का लई, हे ज्याचे पैसे त्यानं ठरवायचं. आपण आकडा सांगायचा आणि गप बसायचं." त्या दिवसापासून रकमेच्या आधी जो 'फक्त' म्हणेल त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं असा कायदाच झाला. एकदा प्राचार्य वर्गात आले, "फक्त दोन मिनिटं घेतो" म्हणाले, आणि आख्खा वर्ग डोळे फाडून त्यांच्याकडं बघायला लागला. सर शांतपणे म्हणाले, "वेळेला चालतं, सल्लागार."

जोखमीचा धडा आला तेव्हा तर कहर झाला. प्रत्येकानं एक डझन केळी घेऊन येडशीजवळच्या जंगलातल्या रामलिंगच्या देवळाला यायचं, असा हुकूम निघाला. रामलिंगची माकडं ज्यांनी बघितली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. वरच्या रस्त्यापासून देवळापर्यंत केळी घेऊन उतरायचं, आणि खाली पोचल्यावर कुणाकडं किती उरली ते बघायचं, असा प्रयोग. ज्यांनी सगळी केळी एका पिशवीत ठेवली होती त्यांची पिशवी दहाव्या पायरीला गेली. एका हुशार पोरानं पुस्तकात वाचल्याप्रमाणं वाटणी केली होती. दोन केळी खिशात, दोन शर्टात, दोन दप्तरात, असं. माकडांनी त्याला सगळीकडून झडती घेऊन सोडला. शर्टाची दोन बटणंही गेली. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, मी तर वाटून ठेवली होती!" सर पायरीवर बसून पोट धरून हसत होते. "बरोबर केलं तुम्ही. पण कधीकधी सगळीकडूनच जातं, सल्लागार. हे पुस्तकात लिहीत नाहीत. लोकांना मात्र आधी सांगावं लागतं." हे म्हणेपर्यंत एका माकडानं त्यांचाच चष्मा पळवला. मग वनखात्याचा माणूस शिट्टी मारत आला आणि आम्हाला सगळ्यांना फटकारून हाकलून दिलं. त्याचं काही चुकलं नाही, माकडांना असं नादी लावू नये. सरांनी त्याची रीतसर माफी मागितली आणि पुढचा आठवडाभर आंधळ्यासारखं चाचपडत शिकवलं.

आठवडी बाजाराचं प्रात्यक्षिक मात्र मला मनापासून नको होतं. प्रत्येकानं दहा माणसांना गाठायचं आणि एकच विचारायचं, तुम्हाला कशाची भीती वाटते? पगार किती, शिल्लक किती, हे अजिबात विचारायचं नाही. आता भर बाजारात असं कोण कुणाला सांगतं? मिरच्या विकणारी एक बाई म्हणाली, "तुझीच वाटती. सर बाजूला, गिऱ्हाईक येऊ दे." बांगड्यांच्या गाड्यावरच्या चाचींनी माझा हात धरला, बांगडीचं माप बघितलं आणि म्हणाल्या, "मेरेकू कायका डर? और लगता तो तेरेकू कायकू बताऊँ?" मी परत येऊन वही सरांपुढं आपटली. दहा माणसं, दहा नकार. सरांनी ती वही लई आवडीनं वाचली. "चाचींचं बरोबर आहे," म्हणाले. "तेरेकू कायकू बताऊँ. आपण कोण? ज्या दिवशी याचं उत्तर देता येईल त्या दिवशी सल्ला द्यायचा."

त्यांचा अजून एक कायदा होता. कुणाच्याही घरी गेलं तर तिसरा चहा होईपर्यंत सल्ला द्यायचा नाही. पहिल्या चहाला माणूस जे बोलायचं ठरवून बसलेलं असतं तेच बोलतं, दुसऱ्याला मोठेपणा सांगतं, आणि तिसऱ्याला कंटाळून खरं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःला पित्ताचा भयंकर त्रास. तरी तीन कप चहा पिऊन वर गोळी घ्यायचे. आणि घरात शिरलं की खुर्ची अशी ओढायची की तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं. आपल्याकडं पुरुष माणसं पुढच्या खोलीत बोलतात आणि बायका दाराआड उभ्या राहून ऐकतात, हे काय वेगळं सांगायला हवं? सर म्हणायचे, "पुढच्या खोलीत जे बोलतं ते घर नव्हे. घरातलं सगळ्यात गप्प माणूस शोधा. ते हो म्हणालं तरच आराखडा. नाहीतर तो नुसता कागद."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही फळा पुसता पुसता. आधी ते विमा विकायचे. लई विकायचे, बक्षिसं, ढाली, फोटो. जळकोटच्या एका माणसाला त्यांनी पॉलिसी दिली होती. पुढच्या खोलीत बसून, एका चहात. तो माणूस दोन वर्षांनी वारला. पॉलिसीचं त्यानं बायकोला कधी सांगितलंच नव्हतं, आणि सरांची तोवर दुसऱ्या तालुक्यात बदली झालेली. कागद पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली सापडले. काही वर्षांनी.

"पैसे मिळाले का सर त्यांना?" कुणीतरी विचारलं.

"मिळाले. पोरगी शाळेतून काढल्यावर मिळाले."

मग ते बराच वेळ आधीच स्वच्छ असलेला फळा पुसत राहिले. त्या दिवशी तास बाराच्या आत संपला.

वर्षाच्या शेवटी एक प्रकल्प असायचा. एका खऱ्या घराचा आर्थिक आराखडा करायचा. त्यावर मार्गदर्शकाची, म्हणजे सरांची, सही लागायची. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, वर्ष गेलं. मी माझ्या मामांचं घर घेतलं. मामा सास्तूरचे. सोयाबीन, दोन बैल, एक मोटारसायकल. मुलगा पुण्यात नोकरीला. मामांचं एकच स्वप्न होतं, पोराच्या लग्नाआधी घरावर स्लॅबचा दुसरा मजला चढवायचा. मी त्यांच्यासाठी असा आराखडा केला की काय सांगू! बेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत आकृत्या. कुठल्या हंगामात किती बाजूला टाकायचे, कुठं ठेवायचे, मजला कधी सुरू करायचा, सगळं. मामांनी पान न् पान उलटून बघितलं आणि सही ठोकली. वर्गातली पोरं झेरॉक्स मागायला लागली. मी हवेत.

सरांनी मंगळवारी तो वाचायला घेतला. शुक्रवार ही शेवटची तारीख. फुटाणे खात एकेक पान उलटत होते, आणि एकोणतिसाव्या पानावर थांबले.

"हा कूलर कुणाला?"

"मामींना, सर. त्यांना उकडतं. त्या बाराही महिने अंगणात झोपतात, पत्र्याच्या शेडखाली." मला या ओळीचा विशेष अभिमान होता. घरातल्या बाईचा विचार केला होता ना मी!

"बाराही महिने?"

"हो सर. सवयच आहे त्यांची."

"डिसेंबरात पण उकडतं?"

मी हसले. लहानपणापासून आम्ही सगळे या गोष्टीला हसत आलो होतो. मामीला उकडतं, मामीच्या अंगात भट्टी आहे, असं. सर हसले नाहीत.

"आणि पत्र्याखाली उकडत नाही?"

तेवीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. घरात कुणालाच पडला नव्हता. सरांनी आराखडा मिटला. "उद्या सास्तूरला जाऊ."

लोहाऱ्यापर्यंत एस.टी.नं गेलो. तिथं मामा मोटारसायकल घेऊन हजर. म्हणाले, बसा दोघंबी, धा मिंटात जातो. सर म्हणाले, तिघं बसणं कायद्यात बसत नाही. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की कुठून धरून आणलंस हे! शेवटी मामा पुढं मोटारसायकलवर आणि आम्ही मागून जीपमध्ये कोंबून. त्या जीपमध्ये सोळा माणसं होती, ते कुठल्या कायद्यात बसत होतं कुणास ठाऊक.

घरी पहिला चहा झाला. मामांनी सोयाबीनच्या भावाचं सांगितलं. दुसरा झाला. मामांनी इंजिनिअरनं काढलेला मजल्याचा नकाशा जमिनीवर पसरला, कुठं बाथरूम, कुठं गॅलरी. सर मान हलवत होते. मग त्यांनी खुर्ची करकर आवाज करत फिरवली. मामांकडं जवळजवळ पाठच झाली. मामा खुणेनं मला विचारायला लागले, काय झालं? मी शरमेनं मेले. "सरांना वारं लागतं," असं काहीतरी पुटपुटले.

"ताई," सर दाराकडं बघून म्हणाले, "अजून एक चहा मिळेल का? तुमचा पण कप आणा. बसून पिऊ."

मामी आल्या. पदर सावरून दाराशी पाटावर बसल्या. बाहेरच्या माणसापुढं त्या असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. सरांनी एक घोट घेतला. "ताई, तुम्ही आत का झोपत नाही?"

"तिला उकडतं की," मामा म्हणाले.

"मी ताईंना विचारलं," सर मागं न बघता म्हणाले.

मामींनी कप खाली ठेवला. परत उचलला. मला वाटलं आता उठून जाणार. तर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "उकडत न्हाय मला."

"आँ?" मामा.

"थंडी वाजती मला भाईर. लई वाजती. तीस वर्सं झाली, वाजतीच." त्या मामांकडं बघत नव्हत्या, कपाकडं बघत होत्या. "पर सलाबखाली पडलं की छातीवर कायतरी ठिवल्यागत हुतंय. त्या पहाटं म्या भाईर गेल्ते म्हणून वाचले. बाळी आत हुती."

मामींची पहिली मुलगी त्र्याण्णवच्या भूकंपात गेली, हे मला माहीत होतं. तिकडच्या सगळ्या घरांतून असं काही ना काही आहे. मामा सांगायचे की पहिली काही वर्षं सगळं गावच बाहेर झोपायचं, मग हळूहळू एकेक घर आत गेलं. मामी राहिल्या, आणि कधीतरी कुणीतरी 'उकडतं' म्हणालं, आणि तेच चालत आलं. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. दोन्ही माहीत असून मी कूलर लिहिला होता. अजूनही ते एकोणतिसावं पान आठवलं की कुठं तोंड लपवू असं होतं.

"आगं मग बोललीस का न्हाईस?" मामांचा आवाज चिरकला. "म्या मजल्याचं ठरवलं तवा तरी?"

"तुमी इतक्या हौसेनं कागुद दावत हुता. कसं बोलावं?"

मामा नकाशाकडं बघत राहिले. बाहेर बैल घुंगरं वाजवत होते. मग मामा जे बोलले ते मामींनीही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असणार, कारण त्यांनी झटकन वर बघितलं.

"म्या तरी कुटं झोपतो? जागाच असतो निम्मा येळ. मला बी भ्या वाटतं त्या सलाबचं. रोज वाटतं. पर त्या दिशी म्या शेतात हुतो, तू भाईर हुतीस. आत लेकराजवळ मोटं मानूस कुणीच न्हवतं." मामांनी नकाशाची गुंडाळी करायला घेतली, ती नीट होईना. "म्हणून म्या आत झोपतो. आत कुणीतरी पायजे म्हणून."

मला रडू आवरेना. मामी रडत नव्हत्या. त्या नुसत्या मामांकडं बघत होत्या, जसं बऱ्याच दिवसांनी गावाहून आलेल्या माणसाकडं बघावं. सरांनी कप खाली ठेवला, दोघांनाही वाकून नमस्कार केला, आणि मला डोळ्यांनी खुणावलं. सल्ला नाही, भाषण नाही, धीराचा शब्दसुद्धा नाही. त्या दोघांना तसंच सोडून आम्ही निघालो.

परतीच्या जीपमध्ये सर चष्मा काढून स्वेटरला पुसत होते, घालत होते, परत काढत होते. लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र माझ्या डोक्यात शुक्रवार जागा झाला.

"सर, सही?"

"कशावर?"

"आराखड्यावर. शुक्रवारी द्यायचाय."

"तो मजल्याचा आराखडा आहे. ते घर आता तसं राहिलं नाही."

"मग मी दोन दिवसांत नवा करते."

"ती दोघं आज पहिल्यांदा बोलली, सल्लागार. त्यांना काय हवंय ते त्यांचं त्यांना कळायला दोन दिवस पुरतील?"

"पण शुक्रवार!"

"शुक्रवार कॉलेजचा आहे. त्यांचा नाही."

माझं डोकंच फिरलं. मी स्टँडवर, चार माणसांत, त्यांना सांगितलं की माझ्या बापानं शेळ्या विकल्यात, मला एकच वर्ष मिळालंय, लातूरचं स्थळ टपून बसलंय, आणि तुम्हाला तुमच्या तीन चहांची पडलीय. त्यांनी सगळं ऐकलं. मग खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. "शेवटच्या पानावर लिहा, घरातलं सगळ्यात गप्प माणूस या आराखड्याला हो म्हणालं. मी खाली सही करतो. तुमच्या शब्दावर करतो, परत विचारणार नाही."

एक ओळ होती फक्त. मामांची सही आधीच होती. मामींना कुणी विचारायला जाणार नव्हतं. मी पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं, आणि तशीच उभी राहिले. नाहीच लिहिता आलं मला. मी पेन त्यांच्या हातात कोंबलं आणि ओरडले, "तत्त्वं तुमची आणि वर्ष माझं!"

"हो," सर म्हणाले. "ते तसंच आहे. मला त्याचं लई वाईट वाटतं." आणि खिडकीवर जाऊन गाडीची चौकशी करून आले.

शुक्रवार आला आणि गेला. सरांनी प्राचार्यांना मुदत मागितली होती असं नंतर कळलं, मिळाली नाही. सास्तूरहून फोन आला की मामांनी इंजिनिअरला नकाशा परत केला, आणि अंगणात पत्र्याची एक खोली करायची म्हणून मामी जागा दाखवतायत. दोघांसाठी. मी फोनवर बरं म्हणाले आणि ठेवून दिला. आनंद झाला का? झाला. पण मला माझं वर्ष हवं होतं, खोटं कशाला बोलू?

अण्णांना सांगायला मला तीन दिवस लागले. त्यांनी ऐकलं, काठी उचलली. "बगतो त्या मास्तराला. कुटं ऱ्हातो?" मी अडवलं, आईनं अडवलं, काही उपयोग झाला नाही. सकाळच्या गाडीनं गेले. दुपार झाली, चार वाजले, पाच वाजले. माझ्या डोळ्यांपुढं काय काय यायला लागलं. सरांचं ते काटकुळं अंग आणि अण्णांची ती काठी!

दिवस बुडायच्या आत अण्णा आले. शेळ्यांना पाणी दाखवलं, हातपाय धुतले, आणि ओट्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला.

"भेटले का सर?"

"भेटला. येडा हाय." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "चा लई पाजला. तीन डाव."

"काय म्हणाले?"

"त्यो कुटं काय म्हनतोय? इचारतोय नुसता." अण्णांनी तांब्या उचलला, न पिता ठेवला. "म्या भांडाय गेल्तो. म्हनलं, माझ्या पोरीला नापास केलंस. तर म्हनतो कसा, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"मग?"

"मग काय, पैलं म्हनलं पैशाची. मग म्हनलं लोकाची, पोरीचं वय चाललंय, लोक काय म्हनतील. त्यो आपला गप. चा आला. मग निघालं तोंडातून." अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, शेळ्यांकडं बघत होते. "म्हनलं, ती नापास व्हायची न्हाय वाटत भीती. पास व्हायची वाटती. पास झाली की ही पुण्याला जानार. मग माझ्याशी बोलंल कशाला, आन् काय बोलंल? मला तर तिच्यातलं काय कळत न्हाय."

मला वाटायचं, अण्णा बोलत नाहीत कारण त्यांना सांगायचं काही नसतं. तेवीस वर्षं मी या माणसाच्या समोर बसून जेवले होते.

"त्येनं इचारलं, हे पोरीला सांगितलंत का? म्हनलं, न्हाय. तर म्हनला, मी न्हाय सांगनार तिला, तुमीच सांगा. म्हणून सांगतोय."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला सांगता आलं असतं की अण्णा, मी कुठं जात नाही, इथंच राहते. त्यांना बरं वाटलं असतं. पण ते खरं नव्हतं, आणि अण्णांनी मला आज खरं सांगितलं होतं.

"अण्णा, मी जाणार नाही असं वचन मला देता येणार नाही," मी म्हणाले.

अण्णांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि दोनदा घडी घातलेला एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. पुढच्या वर्षाच्या फीची पावती होती, आजच्याच तारखेची.

"नगं देऊ," म्हणाले.